देशकर काकांची पंगत

मला मदत केली ती मुकुंद देशकर यांनी. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवते. पुढचं सांगताना मला राग येतो, आणि रागाच्या भरात ज्याचे उपकार मानायचे तोच माणूस बाजूला राहतो. मी त्यांना काका म्हणायचे, माझी मुलगी तनू आजोबा म्हणायची, आणि इथल्या महाराष्ट्र मंडळातले लोक त्यांच्यामागे त्यांना टाइमटेबल म्हणायचे. तोंडावरही कुणी म्हटलं असेल. त्यांना चाललं असतं.

मी इचलकरंजीची. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. दिरांनी कागदपत्रं केली म्हणून आम्ही अमेरिकेत आलो. नवरा ट्रक चालवतो, महिन्यातले बरेच दिवस तो भलत्याच राज्यात असतो. राहायला आम्ही डोंगरापलीकडे, जिथे भाडं झेपतं. काम मात्र डोंगराच्या अलीकडे, क्युपर्टिनोच्या बाजूला, एका मराठी घरात. त्यांचा मुलगा सांभाळायचा, पोळ्या-भाजी करायची. त्या घरच्या दोघांना इथे निखिलदादा आणि अदितीवहिनी म्हणते. नावं बदलली आहेत. मी अजून तिथेच कामाला आहे.

मला गाडी चालवता येत नाही. शिकले होते. पण परीक्षा घेणारी बाई शेजारी येऊन बसली आणि ब्रेक कुठला तेच मला आठवेना. मग ट्रेन आणि बस.

संध्याकाळी निखिलदादांच्या घराजवळून बस पकडायची, ती जंक्शनला येते. बसचा थांबा एका बाजूला, गाडीचा प्लॅटफॉर्म दुसऱ्या बाजूला. मध्ये भला रुंद रस्ता, त्याला लागून रूळ, आणि सगळ्यांवरून एक लोखंडी पूल. मी पुलाच्या मध्यावर पोचायची आणि माझी गाडी पायाखालून निघून जायची. पुढची तासाने. तनूच्या शाळेत शाळा सुटल्यावर मुलांना थांबवून घेतात, ते सहापर्यंत. मला उशीर झाला तेव्हा तिथल्या बाई गोड हसून म्हणाल्या होत्या, पुन्हा झाला तर तिची जागा आम्हाला दुसऱ्या मुलाला द्यावी लागेल. पूल चढताना रोज ते हसणं माझ्या डोळ्यांपुढे असायचं.

एका संध्याकाळी अशीच गाडी गेली. पुलाच्या कठड्याला धरून मी तिला आमच्याकडची एक चांगली खणखणीत शिवी दिली. मुडदा बसवण्याबद्दलची. मागून कुणीतरी म्हणालं,

"तिले काहून शिव्या देऊन राहिली? तिले कुणी सांगितलंच नाही बाई, की तुझी बस आली आहे."

मी दचकून वळले. कानटोपी घातलेला, उंच, थोडा वाकलेला म्हातारा. खांद्याला शबनम, पायात पांढरे जाड बूट. माझ्याकडे न बघता माझ्या चपलांकडे बघत होता. मला भीतीच वाटली. मग त्याने विचारलं, "उतरल्यावर पुढे कशी जातेस?"

पुढे कळलं की हा त्यांचा सगळ्यांनाच पहिला प्रश्न असतो. आपली माणसं परदेशात भेटली की विचारतात, गाव कुठलं, कुठल्या कंपनीत, घर घेतलं का. देशकर काका विचारायचे, उतरल्यावर पुढे कसे जाता. मंडळाच्या हळदीकुंकवात बायकांना विचारायचे. गाडीशिवाय घराबाहेर पाऊल न टाकलेल्या त्या बायका एकमेकींकडे बघून हसायच्या.

काका मूळचे नागपूरचे. चाळीस वर्षं या देशात काढून बोलणं पुस्तकी झालं होतं, पण चिडले किंवा मजेत आले की नागपूर बाहेर यायचं. काम राज्य सरकारच्या रेल्वे आराखड्यावर. सबंध कॅलिफोर्नियात वरून खालपर्यंत ज्या गाड्या धावतात, गावोगावच्या बस, ट्राम, या सगळ्यांचं मिळून एकच जाळं करायचं, एकाच तिकिटावर आणि एकाच घड्याळावर. त्यासाठी जे लोक नेमले होते त्यांतले ते एक. कंत्राटावर. ऑफिसातल्या पोरांना त्यांचा धाक होता आणि वरच्या साहेबांना त्यांचा कंटाळा. हेही त्यांनीच मला सांगितलं, हवामान सांगावं तसं.

बायको गेल्यावर डोंगराअलीकडचं, सनीव्हेलचं घर विकून ते आमच्या गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आले. मंडळात यावरून फार चर्चा झाली म्हणे. एवढं सोन्यासारखं घर विकून तिकडे शेतात काय गेला माणूस. काकांचं म्हणणं सरळ होतं. ज्या लाइनीचा आराखडा करायचा तिच्या टोकाला राहायचं आणि रोज तिनेच यायचं. ऑफिसच्या टेबलावर बसून केलेल्या आराखड्यात कुणाच्या हातात पिशवी नसते.

गाडीत ते कायम उलट्या दिशेच्या सीटवर बसायचे. स्टेशनवर सगळ्यांच्या शेवटी उतरायचे, कारण पुढे कोण पळतंय ते बघायचं असे. पळणारा दिसला की ओठ आवळायचे. पिशवीत भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा. मला द्यायचे, पण मी शेंगदाण्याचं साल सीटवर टाकलं तर डोळे वटारायचे. तिकिटाच्या मशीनशी त्यांची भांडणं व्हायची, मोठ्याने, मराठीत. एकदा मी हसले तर म्हणाले, "तू गाडीला देते त्या शिव्या मी मशीनले दिल्या, बाकी काय?"

त्यांचं काम मला समजायला वेळ लागला. समजलं ते गणपतीत.

मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये असतो. जेवण बुफे. प्लास्टिकच्या ताटल्या घेऊन लोक रांगेत उभे राहतात आणि पहिला माणूस जेवून हात धुतो तेव्हा शेवटच्याच्या ताटात अजून काही पडलेलं नसतं. त्या वर्षी काका हट्टाला पेटले. पंगत करायची. जेवणाची समिती म्हणाली, इथे कोण खाली बसणार, कोण वाढणार, हॉल वेळेत रिकामा कसा करणार. काका म्हणाले, मी करून दाखवतो. निखिलदादा समितीत होते. त्यांनी हसून होकार दिला, होऊन जाऊ दे काका, एकदा.

आणि त्यांनी ते केलं. लांब टेबलं लावली. कोण कुठून शिरणार, वरण कुठल्या टोकाने निघणार, भात त्याच्यामागे किती अंतराने, तूप कुणाच्या हातात, सगळं ठरलेलं. वाढायला मलाही घेतलं होतं. सगळ्यांची पानं वाढून झाली आणि एक कुटुंब यायचं होतं, फ्रीवेवर अडकलेलं. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, चला, वदनि कवळ होऊ दे, भात गार होतोय. काका हॉलच्या मध्यभागी उभे राहिले आणि म्हणाले, थांबायचं. लोक कुरकुरले. मुलं म्हणाली, व्हाय आर वी वेटिंग? शेवटी नवरा, बायको, म्हातारी सासू आणि दोन मुलं धावत आत आली, त्यांची पानं तयार होती, आणि सगळे एकदम जेवायला बसले. ती म्हातारी जेवताना रडत होती. कशासाठी ते मला माहीत नाही.

नंतर भांडी आवरताना काका मला म्हणाले, "माझं काम विचारत होतीस ना? हेच. दर तासाला जंक्शनवर पंगत बसवायची. सगळीकडून गाड्या आणि बस एकाच वेळी आत येतील, जरा थांबतील, माणसं इकडची तिकडे होतील, आणि सगळ्या एकदम उठतील. प्रत्येक जंक्शनवर, दर तासाला, त्याच मिनिटाला. इथे आता बुफे आहे. प्रत्येक कंपनी आपली ताटली भरून निघून जाते."

मी म्हटलं, मग रूळ टाकायला किती वर्षं लागतील. म्हणाले, इथेच सगळे चुकतात. आधी रूळ टाकतात, मग विचारतात कुणाला जायचंय. आधी वेळ ठरवायची. त्या वेळेला जुळायला जिथे रूळ कमी पडतात, तेवढेच टाकायचे. आणि एका जंक्शनवरची वेळ चुकली की ती तिथेच चुकत नाही. तिथून निघालेली बस पुढच्या जंक्शनला उशिरा, तिथली गाडी तिच्यासाठी थांबली तर त्याच्या पुढची उशिरा, नाही थांबली तर माणूस गेला. एक पान उठलं की सगळी पंगत विस्कटते.

पुढच्या वर्षी समितीने पुन्हा बुफे केला.

बसचा ड्रायव्हर लुईस नावाचा होता. चांगला माणूस. मी रोज पळते हे त्याला दिसायचं. एक दिवस तो आपल्या पहिल्या थांब्यावरून जरा आधीच निघाला, दुसऱ्या दिवशीही निघाला, आणि मला गाडी मिळायला लागली. मला वाटलं देव पावला. त्याच्यासाठी मी शेंगदाण्याचे लाडू नेले. काकांना हे कौतुकाने सांगितलं तर त्यांचा चेहराच उतरला. दुसऱ्या दिवशी ते माझ्या नेहमीच्या थांब्याच्या एक थांबा आधी जाऊन उभे राहिले. बस निघून गेल्यावर एक बाई पळत आली, हॉस्पिटलात सफाईचं काम करणारी. ती वेळेत आली होती, बसच वेळेच्या आधी गेली होती. तिलाही पुढे कुठेतरी जायचं होतं.

त्या संध्याकाळी काका गाडीत माझ्यावर खेकसले. म्हणाले, तुझी गाडी सापडली, तिची बस गेली. तू लाडू दिलेस, ती काय देणार? मला फार लागलं. मी म्हटलं, तुम्हाला काय, तुमची मुलगी शाळेच्या दारात उभी नसते. काका म्हणाले, "एका माणसाच्या मेहेरबानीवर जे चालतं त्याले वेळापत्रक म्हणत नाहीत बाप्पा. तो माणूस बदलला की संपलं."

आणि तसंच झालं. कुणीतरी तक्रार केली, लुईसला त्या लाइनीवरून काढलं. त्याची बाजू सांगायला काका स्वतः बस कंपनीच्या ऑफिसात गेले होते. चूक ड्रायव्हरची नाही, थांबा चुकीच्या जागी असल्याची आहे, हे नकाशा पुढे ठेवून तिथे सांगितलं. तिथल्या लोकांनी ऐकून घेतलं आणि चहासुद्धा विचारला नाही.

नवीन ड्रायव्हर वेळेत निघायला लागला आणि माझी गाडी पुन्हा पायाखालून जायला लागली. मग काका एक दिवस माझ्याबरोबर तनूच्या शाळेत आले. त्या गोड हसणाऱ्या बाईंशी इंग्रजीत बरंच बोलले आणि मुलीला नेण्याची परवानगी असलेल्या माणसांत स्वतःचं नाव घालून आले. तेव्हापासून, मला गाडी मिळाली नाही की मी फोन करायची, आणि काका तनूला घेऊन यायचे. ते ऑफिसातून लवकर निघायला लागले होते. त्यासाठी त्यांना काय ऐकून घ्यावं लागलं ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मी घरी पोचायची तेव्हा दोघं जमिनीवर चमच्यांचे रूळ मांडून बसलेली असायची. तनू इंग्रजीत भांडायची, काका मराठीत. "आजोबा, युअर ट्रेन इज लेट." "लेट नाही, थांबली आहे. तुझी बस यायची आहे ना."

आता त्या सभेचं सांगते, जिचा मला राग येतो.

जंक्शनचं गणित असं होतं. प्लॅटफॉर्मला लागून त्या गावाचा, म्हणजे निखिलदादा राहतात त्या गावाचा, एक वाहनतळ होता, अर्धा रिकामा. ती जागा मिळाली तर बस थेट प्लॅटफॉर्मला लागली असती, पुलाची गरज संपली असती, आणि ते जंक्शन पंगतीत बसलं असतं. आराखडा राज्याचा, पण जागा गावाची. गावाच्या कौन्सिलने मत द्यायचं होतं. मी गावाचं नाव लिहीत नाही. काका म्हणाले, हे जंक्शन गेलं तर डोंगरापलीकडच्या दोन्ही लाइनी जुळत नाहीत. तुझ्या गावची पण गेली. मग राज्यभरचा नकाशा आहे, पण त्याला इथे भोक आहे.

कौन्सिलच्या अशा सभेला कुणीही येऊन बोलू शकतं. नाव लिहून कार्ड द्यायचं, पुकारलं की माइकवर जायचं. काकांना वाटलं, लोक यायला हवेत. आणि त्यांना वाटलं, आपली माणसं यायला हवीत. हीच त्यांची चूक, आणि ती दुसऱ्या कुणी केली नसती. त्यांच्या ऑफिसातल्या एका मुलीने त्यांना सांगितलंही होतं म्हणे, की त्या भागातल्या घरमालकांना फार आधी जागं करू नका. काका म्हणाले, ते घरमालक मी ओळखतो. ते एस.टी.ने कॉलेजात गेलेत. स्टँडवर गाडीची वाट बघत त्यांनी अभ्यास केलाय. बसची किंमत त्यांना नाही कळणार तर कुणाला?

मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात मध्यंतराच्या आधी ते स्टेजवर चढले. कधी नव्हे ते हसत होते. म्हणाले, तुमच्याकडून वर्गणी नको, देणगी नको, एक संध्याकाळ द्या. सभेला या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. निखिलदादांनी तर कसला प्लॅन, कुठली जागा, सगळं बारकाईने विचारून घेतलं. काका खूश. गाडीत मला म्हणाले, बघ, पोरगा हुशार आहे, लगेच समजला.

लोक आले. हॉल भरला. अर्धे चेहरे गणपतीच्या पंगतीतले. काकांनी दाराशी उभं राहून एकेकाला नमस्कार केला. काहींनी नजर चुकवली, पण त्यांच्या ते लक्षात आलं नाही. मला आलं. माझ्यासारख्या माणसाला नजर चुकवलेली लगेच कळते.

तनूला आणायला त्या दिवशी नवरा घरी होता. मी कार्ड भरलं होतं. काकांनीच सांगितलं होतं. रोज त्या पुलावरून पळणारं, तिथे येऊन बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, हॉस्पिटलातल्या त्या बाईची कामाची पाळी होती. मी काय बोलायचं ते तनूने माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. चार वाक्यं. माझं नाव सुरेखा. मी रोज इथे कामाला येते. माझी बस आणि माझी गाडी एकमेकींना भेटत नाहीत. माझी मुलगी वाट बघते.

पहिलंच नाव पुकारलं ते निखिलदादांचं.

त्यांचं इंग्रजी चांगलं आहे, सावकाश बोलतात. त्यांनी काकांचं कौतुक करून सुरुवात केली. म्हणाले, कल्पना उत्तम आहे, पण जागा चुकीची. ट्रॅफिक वाढेल. बाजूलाच शाळा आहे, मुलं चालत जातात. आणि मग म्हणाले, तेवढं मला नीट समजलं, की राज्यभरातून येणाऱ्या या बसमधून कोण कोण उतरेल हे आपल्याला सांगता येत नाही.

मी सातव्या-आठव्या रांगेत बसले होते. त्यांच्या मुलाला दुपारी मीच वरणभात भरवला होता. त्यांच्या घराची किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

त्यांच्यामागून एकेक जण उठला. पुण्याचे, मुंबईचे, नागपूरचेसुद्धा. सगळे तेच बोलले, थोड्या वेगळ्या शब्दांत. सगळ्यांनी काकांचं नाव आदराने घेतलं. काका पहिल्या रांगेत होते, मला त्यांची पाठ दिसत होती. ती हलली नाही. मग ते उठले, वळले, आणि रांगांवरून नजर फिरवत मला शोधलं. माझ्याकडे बघितलं, मग निखिलदादांकडे. आणि कार्डं गोळा करणाऱ्या बाईच्या टेबलापाशी जाऊन वाकून काहीतरी बोलले. तिने गठ्ठ्यातून एक कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं.

मी उठून बाहेर गेले. ते मागोमाग आले. माझं कार्ड त्यांच्या हातात होतं.

"उद्या सकाळी त्याच्या घरी जायचं आहे ना तुले?"

"जायचंय. पण काका, माझ्याशिवाय कोण बोलणार? तुम्हीच म्हणालात."

"मी म्हणालो तेव्हा तो कुठल्या बाजूने उठणार ते मला माहीत नव्हतं."

"बोलू द्या मला. जाईल नोकरी तर जाईल."

"आणि मग? दुसरं काम मिळेपर्यंत तनूची शाळा, घर?" त्यांनी कार्डाची घडी घातली आणि शबनममध्ये टाकली. "माझा प्लॅन तुझ्या पोटावर पाय देऊन पास व्हायचा असेल तर तो नको मला. जाऊन बस."

मी जाऊन बसले. माझं नाव पुकारलं गेलं नाही. काका स्वतः बोलले, पण सरकारी माणूस म्हणून, नकाशा दाखवत. त्यांची वेळ संपली तशी घंटी वाजली आणि ते वाक्य अर्धं सोडून खाली बसले. मतं पडली. एका मताने जागा गेली.

बाहेर अजून ऊन होतं. निखिलदादा दोन्ही हात पुढे करून काकांकडे आले. "काका, पर्सनली घेऊ नका हं. यू नो आय रिस्पेक्ट यू." मग मला बघितलं. चेहऱ्यावर एक क्षण काहीतरी आलं आणि गेलं. "अरे सुरेखाताई, तुम्ही पण? चला, दोघांना स्टेशनला सोडतो. बसने गाडी मिळणार नाही तुम्हाला."

खरंच मिळाली नसती. आम्ही बसलो. काका पुढे, मी मागे, त्यांच्या मुलाच्या खुर्चीशेजारी. त्या खुर्चीवर सकाळी मीच पुसून ठेवलेला बिस्किटाचा डबा होता. निखिलदादा गाडी चालवताना मोकळेपणाने बोलत होते. या देशात लोक शेवटी गाडीच घेतात काका, ही कल्चरची गोष्ट आहे. बघा, पोचलोसुद्धा. उतरताना काकांनी थँक्यू म्हटलं. मी पण म्हटलं.

प्लॅटफॉर्मवर काकांनी पुढच्या गाडीची वेळ बघितली. मग म्हणाले, "चांगला मुलगा आहे. दुष्ट असता तर बरं झालं असतं." आणि शेंगदाण्याची पुडी काढून माझ्यापुढे धरली.

त्यानंतर नकाशा पुन्हा छापला गेला. काकांनी मला दाखवला. आधीच्या नकाशात आमच्या जंक्शनवर मोठं वर्तुळ होतं, सगळ्या रंगांच्या रेघा त्यात येऊन मिळायच्या. नव्यात बारका ठिपका. रेघा त्याच्या बाजूने नुसत्या निघून गेलेल्या. काकांच्या साहेबांनी त्याचा मोठा समारंभ केला, भाषणं झाली. राज्याचं एकात्म जाळं, असं काहीतरी त्यावर लिहिलेलं होतं. काकांचं कंत्राट त्या वर्षी वाढवलं नाही. निरोपाचा केक कापला. काका म्हणाले, केक बरा होता.

मग पाय सुजायला लागले, किडनी. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस, आणि ते सेंटर डोंगराच्या अलीकडे. आमच्या गावातून गाडी-बस जुळवून वेळेवर पोचणं त्यांनाच जमेना. ज्याने सगळ्या राज्याच्या वेळा जुळवल्या होत्या त्याला स्वतःच्या दोन बस जुळवता येईनात. मंडळातल्या लोकांनी धावपळ करून त्यांना निखिलदादांच्या भागात म्हाताऱ्यांच्या इमारतीत खोली मिळवून दिली. गाडीने आळीपाळीने सेंटरला न्यायचीही सोय केली. खरंच केली, ते खोटं नाही. निखिलदादा दर मंगळवारी न्यायचे. आता यावर मी काय बोलू? मला दोन्ही गोष्टी दिसतात आणि दोन्हींनी सारखंच जळतं.

मी त्यांच्याकडे सुट्टीच्या दिवशी जायची. हळूहळू कमी झालं. सुट्टीच्या दिवशी बस आणखी कमी असतात.

त्यांना शेवटचं बघितलं ते संध्याकाळी, बसमधून. मी नेहमीच्या सीटवर होते. एका थांब्यावर बाकावर काका बसलेले दिसले. कानटोपी, शबनम नाही, पायात स्लिपर. ड्रायव्हरला वाटलं उतारू आहे, त्याने बस हळू केली, कडेला घ्यायला लागला. काकांनी हात वर केला आणि पुढे जा, पुढे जा, असा हलवला. दोनदा. ते कुठेच जाणार नव्हते, नुसते बसले होते. त्यांच्यामुळे बसचा वेळ जायला नको होता. ड्रायव्हरने वेग धरला. काच बंद होती. त्यांना मी दिसले नाही, ते बसच्या मागच्या चाकाकडे बघत होते.

बस थांबवायची दोरी माझ्या खांद्याला लागत होती. ओढली असती तर पुढच्या थांब्यावर उतरता आलं असतं. पण मग गाडी गेली असती, आणि पुढची तासाने, आणि तनूला आणायला आता दुसरं कुणी नव्हतं. मी वळून मागच्या काचेतून बघत राहिले. ते लहान होत गेले. पुलावर त्या दिवशी मी पळाले आणि गाडी मिळाली.

महिन्याभरात त्यांची भाची येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेली. तिथे डायलिसिस घराजवळ होतं. फोनवर त्यांना आता नीट ऐकू येत नाही. भाची म्हणते, ठीक आहेत, खिडकीशी बसतात.

निखिलदादांनीच परवा जेवताना वहिनींना सांगितलं की जंक्शनजवळच्या त्या वाहनतळाचा विषय कौन्सिलपुढे पुन्हा येणार आहे. काही नवीन लोक निवडून आलेत. मी पोळी वाढत होते.

काका, माझ्या हातात तुम्हाला देण्यासारखं दुसरं काही नाही. यंदा नाही तर पुढच्या वेळी, तनू जरा मोठी झाली आणि एकटी घरी थांबायला लागली की, मी कार्ड भरीन. माझं पूर्ण नाव लिहीन. हॉलमध्ये कोण बसलंय ते बघणार नाही. ती चार वाक्यं मला अजून पाठ आहेत, आणि पाचवं मी तुमच्याबद्दल जोडलं आहे. ते बोलून झालं की बाहेर येऊन तुम्हाला नागपूरला फोन लावीन. तुम्हाला ऐकू आलं नाही तर भाचीला सांगीन, तुमच्या कानाशी मोठ्याने सांग, सुरेखा बोलली म्हणून.